लाजऱ्या पेट्या

सुनेने पाच पेट्या केल्या आणि त्यांत काहीच ठेवायचं नाही असं जाहीर केलं, तेव्हा माईंना वाटलं, पोरगी गंमत करतेय. पण सून तशी नव्हती. गंमत हे खातं त्या घरात माईंकडे होतं.

माई म्हणजे तिच्या सासूबाई. उभी हयात त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. वर्गात त्यांचा दरारा होता आणि तो एकाच गोष्टीवर उभा होता. पोरांच्या डोक्यात येणारी प्रत्येक खोडी माईंच्या डोक्यात आधीच येऊन गेलेली असायची. निवृत्त झाल्यावर पोरं सुटली, खोड्या मात्र माईंकडेच राहिल्या.

सून शिल्पकार. घरामागच्या गॅरेजमध्ये तिचं काम चालायचं. ॲल्युमिनियमचा पत्रा कापायचा, वाकवायचा, सांधे घासून घासून नाहीसे करायचे, मग पांढरा रंग फवारायचा. पेट्या कमरेच्या जरा वर येतील एवढ्या, पुढून आणि मागून उघड्या, आतून बाहेरून पांढऱ्या. चमक अजिबात नाही, पिठासारखा कोरडा पांढरा. तो नेमका पांढरा सापडावा म्हणून तिने गॅरेजची अख्खी भिंत नमुन्यांनी भरून टाकली होती आणि नवऱ्याला विचारलं होतं, "यातला कुठला?" नवरा भूल देणारा डॉक्टर. दिवसभर लोकांना झोपवायचा आणि संध्याकाळी घरी आला की स्वतः पेंगायचा. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "हे सगळे वेगळे आहेत?" त्यानंतर त्याला कोणी काही विचारलं नाही.

माई एकदा चहा घेऊन गॅरेजमध्ये आल्या.

"यात काय ठेवायचं?"

"काही नाही."

"मग पेट्या कशाला?"

"माई, हे शिल्प आहे. मिनिमलिस्ट."

"म्हणजे काटकसरी?"

"म्हणजे जे नसलं तरी चालेल, ते सगळं काढून टाकायचं."

माईंनी एका पेटीत डोकं घालून पाहिलं. त्यांचा आवाज आतून घुमत आला. "तू तर सगळंच काढलंस की!"

"सगळं नाही. उजेड ठेवलाय. नीट बघा, पेटी उजेडाने भरलेली आहे."

"मग झाकण लाव बाई. सांडेल कुठेतरी."

सून हसली नाही. रंगाच्या बाबतीत तिचं सोवळं फार कडक होतं. ती म्हणायची, रंग म्हणजे चोंबडेपणा. वस्तू काही सांगायला तोंड उघडते, तेवढ्यात रंग मध्ये बोलून मोकळा होतो. म्हणून पांढरं. पांढऱ्यावर उजेड काय करतो तेवढंच बघायचं, बाकी गप्प राहायचं.

प्रदर्शन ठरलं. माईंनी शेजारणीला मोठ्या अभिमानाने सांगितलं, "सुनेचं प्रदर्शन आहे, गॅलरीत."

शेजारीण म्हणाली, "तुमच्या गॅलरीत? तिथे तर कपडे वाळत असतात."

माईंनी तिला समजावून सांगितलं नाही. उलट म्हणाल्या, "हो ना, उचलायला हवेत."

खरी गॅलरी मात्र छान होती. एका बैठ्या इमारतीतली लांबट खोली, रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच. सुनेने भिंती राखाडी करून घेतल्या, छताचे सगळे दिवे बंद ठेवायला लावले आणि काचेकडे तोंड करून पाच पेट्या ओळीने उभ्या केल्या. दोन पेट्यांमध्ये हात जाईल एवढी फट. बस.

उद्घाटनाला लोक आले. एका गृहस्थांनी तिसऱ्या पेटीवर कॉफीचा कप ठेवला. दुसऱ्यांनी व्यवस्थापकांना बाजूला घेऊन, सामान अजून यायचंय का, असं विचारलं. आणि मग भिंग आले.

भिंग म्हणजे कलेवर दर आठवड्याला स्तंभ लिहिणारे समीक्षक. गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग लटकत असे. त्यातून त्यांना काही बघताना कोणी पाहिलेलं नव्हतं, पण नाव पडलं ते पडलं. त्यांनी चांगलं लिहिलं की लोक यायचे आणि लिहिलंच नाही तर प्रदर्शन झालं होतं हेसुद्धा कोणाला कळायचं नाही. भिंगांनी पेट्यांकडे बघितलं, थांब्यावर उभं राहून आपली नसलेली बस बघावी तसं. मग जांभई दिली. साधीसुधी नाही, दाढा दिसतील अशी. दोन बिस्किटं खाल्ली आणि निघून गेले. घाईत गळपट्टा तिथेच विसरले.

त्या संध्याकाळी सून घरी आली आणि भांडी घासायला लागली. एकच पातेलं पुन्हा पुन्हा. माई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय झालं गं?"

"काही नाही."

"किती लोक होते?"

"होते."

"आणि ते भिंगवाले?"

पातेलं जोरात घासलं गेलं. "जांभई देऊन गेले."

माई जवळ गेल्या. सुनेच्या हातांकडे त्यांची नजर गेली. पॉलिश पेपरने घासून बोटांची सालं निघाली होती, नखांच्या कडेला पांढरा रंग बसला होता, तो आता साबणानेही जात नव्हता. माई आपल्या खोलीत गेल्या, तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतल्यासारखा झाला होता. त्यांचे जुने विद्यार्थी तिथे असते तर बाकाखाली लपले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी माई एकट्याच गॅलरीत गेल्या. खुर्ची मागून घेतली आणि पेट्यांच्या मागे बसून, काचेकडे तोंड करून, मनापासून बघायला लागल्या. सुनेने केलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार, यावर त्यांचा विश्वास होता. पण दिसत काही नव्हतं. पांढरं, पांढरं आणि पांढरं. मध्येच त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पेट्यांना लाली आली होती.

माई दचकल्या. आतल्या बाजूला, जिथे दोन पत्रे काटकोनात भेटतात तिथे, गालावर यावी तशी लाली चढली होती. त्या उठून पुढे जातात तोवर ती गेलीसुद्धा. बाहेर सिग्नल सुटला होता आणि काचेसमोर थांबलेली मोठी लाल मालवाहू गाडी धूर सोडत पुढे निघाली होती. दुपारचं ऊन तिच्या अंगावर पडून उडालं होतं आणि थेट पेट्यांत जाऊन बसलं होतं.

माईंनी रस्त्यापलीकडे पाहिलं. समोर तीन मजली इमारत. गॅलरी बैठी असल्यामुळे मागचं ऊन तिच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या पहिल्या मजल्यावर झळझळीत पडलेलं. तिथे लांबरुंद गॅलरी, कपडे वाळत घालायची असते तसली. आणि तिच्या खाली, तळमजल्यावर, छत्र्यांचं दुकान.

दुकानाचा मालक माईंना चांगला माहीत होता. मागच्या बाकावर बसून नकाशातल्या नद्या डोंगरावर चढवणारा विद्यार्थी तो. आता डोक्याला टक्कल, पोटाला घेर, गिऱ्हाइकांवर रुबाब. माई दुकानात शिरल्या आणि तो ताडकन उठून उभा राहिला.

"बाई! तुम्ही?"

"बस. नाही, उभाच राहा. तुझ्याकडे सगळ्यांत मोठी लाल छत्री कुठली?"

"बागेत लावतात ती आहे. चार माणसं मावतील खाली. घ्यायचीय?"

"घ्यायची नाही, उघडायचीय. वरच्या गॅलरीत."

छत्रीवाल्याच्या ओठांवर "का" आला होता. पण शाळेत बाईंना "का" विचारलं की उत्तर स्वतःच शोधून दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर सांगावं लागायचं, हे त्याला अजून आठवत होतं. तो निमूटपणे छत्री घेऊन वर गेला.

माईंनी स्टूल मागवलं. छत्री आडवी करून कठड्यावर टेकवली, तिचं पोट उन्हाला दिलं आणि दांडा धरून हळूहळू फिरवायला लागल्या. समोरच्या काचेत पेट्या दिसत होत्या. पहिली गुलाबी झाली. मग दुसरी. माईंनी छत्री थोडी तिरकी केली, तशी लाली एकीतून दुसरीत ओघळत पाचवीपर्यंत गेली. माईंना इतका आनंद झाला की त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या पाय हलवले.

त्यांचा बेत साधा होता. सून येईल, बघेल, चकित होईल, मग आपण सांगू आणि दोघी हसू. पण सून त्या दिवशी आलीच नाही. आले ते भिंग, विसरलेला गळपट्टा न्यायला.

व्यवस्थापकांनी नंतर सांगितलं की भिंग दारातून आत आले, दोन पावलं चालले आणि जमिनीवर बसले. गळपट्टा हातात घेऊन लहान मुलासारखे मांडी घालून बसले. पेट्या एकामागून एक उमलत होत्या आणि विझत होत्या. कुठे दिवा नाही, तार नाही, काही नाही. ऊन उतरेपर्यंत ते हलले नाहीत.

त्यांचा स्तंभ आला त्याचं शीर्षक होतं 'लाजरा पांढरा'. "या पेट्या कोणाची तरी वाट पाहत असतात," असं त्यांनी लिहिलं होतं. "दुपारी तो कोणीतरी येतो आणि त्या लाजतात. पहिल्या भेटीत मला हे दिसलं नाही, कारण पहिल्या भेटीत कोण लाजून दाखवतं?"

सुनेने न्याहारीच्या टेबलावर ते वाचलं. मग परत वाचलं.

"लाली? कसली लाली?"

माई पावाला अगदी कोपऱ्यापर्यंत लोणी लावत होत्या. "चांगलं लिहिलंय गं."

"पण माई, माझ्या पेट्यांत लालबिल काही नाही!"

"त्यांना दिसलं असेल. मोठा माणूस आहे. गळ्यात भिंग आहे."

"त्यांचे डोळे तपासायला हवेत."

"किंवा तुझे," माई म्हणाल्या आणि पावाचा मोठा घास घेतला, म्हणजे पुढचं काही बोलावं लागू नये.

सून तडक गॅलरीत गेली. सकाळी पेट्या तिने ठेवल्या तशाच होत्या, पांढऱ्याशुभ्र. तिने व्यवस्थापकांना धारेवर धरलं. दिवा कोणी लावला? कुठे लपवलाय? व्यवस्थापकांनी शपथ घेतली, छताचे सगळे दिवे काढून दाखवले. सून गुडघ्यांवर बसून पेटीत शिरली आणि आतून बोटांनी चाचपायला लागली. स्तंभ वाचून आलेल्या लोकांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दुपार झाली. सून भिंतीला पाठ लावून उभी होती, हाताची घडी, कपाळाला आठ्या. गर्दी श्वास रोखून होती. आणि पेट्यांना रंग चढायला लागला.

पण लाल नव्हे. माईंच्या डोक्यात आता यश गेलं होतं. रोज तेच काय, म्हणून त्यांनी त्या दिवशी हिरवी छत्री काढली होती.

पेटीच्या तळाशी आधी कोवळी पोपटी झाक आली. मग ती कडेने वर सरकली आणि कोपऱ्यात गडद होऊन थेंबासारखी साचली. वरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मात्र नुसती चाहूल, आहे की नाही असं वाटायला लावणारी. सुनेला संताप आला. पण संताप यायच्या आधी क्षणभर तिचा श्वास अडकला होता, आणि त्याचा तिला जास्त संताप आला.

ती काचेपाशी गेली. समोरच्या गॅलरीत एक अवाढव्य हिरवी छत्री आडवी पडली होती, आणि छत्रीखालून दोन पाय लोंबत होते. पायांत निळ्या पट्ट्यांच्या चपला. त्या चपला सुनेनेच आणून दिल्या होत्या.

दुकानात छत्रीवाला आडवा आला. "वर जाता येणार नाही हो, माल ठेवलाय."

"वर माझी सासू आहे."

"तो... म्हणजे त्या पण... म्हणजे मालाबरोबरच..."

वरून आवाज आला, "येऊ दे रे तिला."

सून जिना चढून गेली. माई स्टुलावर बसल्या होत्या, दांडा दोन्ही हातांत, चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेशही नाही.

"हे काय चाललंय, माई?"

"प्रदर्शन. तुझं त्या गॅलरीत, माझं या गॅलरीत."

"माझ्या कामाची वाट लावलीत तुम्ही!"

"मी तुझ्या एका तरी पेटीला हात लावला?"

"नाही, पण..."

"रंग फासला?"

"नाही."

"मग काय केलं? उजेड टाकला. तूच म्हणतेस ना, उजेडाला त्याचं काम करू द्यावं? करतोय बिचारा."

सून कठड्याला टेकून उभी राहिली. खाली रस्ता, समोर काच, काचेपलीकडे हिरवट पेट्या आणि त्यांच्याभोवती तोंड उघडं टाकून उभी माणसं.

"तुम्हाला फिक्या वाटल्या तर मला सांगायचं होतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?" माईंनी छत्री कठड्यावर टेकवून ठेवली. आता त्यांचा आवाज बदलला. "हे बघ, मला तुझ्या पेट्या कळत नाहीत. खोटं कशाला बोलू? पण हाताची सालं निघेपर्यंत घासलंस ते मी बघितलंय. त्या माणसाने त्यावर जांभई दिली ते मला झोंबलं. तुझी थट्टा करायची तर मी करीन. तो कोण लागून गेला?"

सुनेचा राग निम्मा तिथेच उतरला. उरलेला निम्मा तिने हट्टाने धरून ठेवला. "मी त्यांना जाऊन खरं सांगणार आहे," ती म्हणाली.

"सांग की. मी येऊ साक्षीला?"

"नको!"

भिंग वर्तमानपत्राच्या कचेरीत, पुस्तकांच्या ढिगांमागे बसले होते. सुनेला बघून ते उठून उभे राहिले. जांभईचा त्यांना पुरता विसर पडलेला दिसला.

"ती लाली माझी नव्हे," सून बसायच्या आधीच म्हणाली. "समोरच्या गॅलरीत एक छत्री उघडतात, तिचा रंग आत पडतो."

भिंगांनी डोळे मिटले. "छत्री," ते पुटपुटले. "आभाळ आणि माणूस यांच्यामधलं ते पातळ कापड. वा!"

"अहो, तसली नाही. खरी छत्री. दांड्याची. बागेत लावतात ती."

"आणि ती कोण धरतं?"

"माझी सासू."

"सासू!" भिंगांनी घाईघाईने पेन शोधलं. "म्हणजे आधीच्या पिढीची सावली नव्या पिढीच्या रितेपणावर पडते आणि रंग होते. बाई, तुम्ही भयंकर खोल आहात."

"मी खोल नाही, मी खरं बोलतेय! त्या स्टुलावर बसतात. चपला निळ्या पट्ट्यांच्या आहेत."

"स्टूल," भिंग लिहीत म्हणाले. मग त्यांनी हात वर केला. "पण आता पुरे. कलाकाराने फार उलगडून सांगू नये. आणि हो, शुक्रवारी मी संग्रहालयाच्या समितीला घेऊन येतोय. अध्यक्षबाई स्वतः येणार आहेत. दुपारची वेळ सांगितली आहे. तुमच्या पेट्या तेव्हाच फुलतात ना?"

सून घरी आली आणि घडलं ते सांगितलं. माई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. पेंगणारा नवरा दचकून उठला आणि म्हणाला, "शुद्धीवर आला का पेशंट?" तेव्हा मात्र सुनेलाही राहवलं नाही. ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून माईंच्या समोर बसली.

"माई, शुक्रवारी एकही छत्री उघडायची नाही."

"अगं, पण समिती..."

"समितीला पांढरं बघू दे. आवडलं तर आवडलं."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर पेट्या घरी आणू. तुम्ही त्यात कांदे-बटाटे ठेवा."

माईंनी तळहात पुढे केला. "दिला शब्द."

त्यांचा शब्द कितपत धरायचा, हे माहीत असल्यामुळे सुनेने छत्रीवाल्यालाही बजावून ठेवलं. तो म्हणाला, "ताई, तुम्ही सांगताय ते ठीक आहे, पण बाईंनी डोळे वटारले तर मी काय करू?" म्हणून शुक्रवारी सुनेने माईंना आपल्याबरोबर गॅलरीतच आणलं आणि समोर खुर्चीवर बसवलं, दोन्ही हात मांडीवर दिसतील असे.

समिती आली. दोन गंभीर गृहस्थ, एकाच्या गळ्यात जांभळा टाय, आणि उंचपुऱ्या अध्यक्षबाई, अंगात मोहरीच्या रंगाचा जाड कोट. गारठा होता, पण ऊन लख्ख पडलं होतं. पुढे भिंग, लग्नघरातल्या मामासारखे.

"थोडं थांबावं लागेल," भिंग कुजबुजले. "लाजाळू आहेत."

सगळे थांबले. पेट्या पांढऱ्या. आणखी थांबले. पेट्या पांढऱ्याच. भिंगांनी काचेतून वर आभाळाकडे बघितलं, मग समोरच्या इमारतीकडे. तिथली गॅलरी मोकळी होती. छत्रीवाला दुकानाच्या दारात हात मागे बांधून उभा होता, शिक्षा झाल्यासारखा. भिंगांच्या कपाळावर घाम आला. गारठ्यातही त्यांनी गळपट्टा सैल केला.

माईंचे हात मांडीवर चुळबुळत होते.

उभं राहून कंटाळा आला की माणूस समोर जे असेल ते बघायला लागतो. टायवाले गृहस्थ म्हणाले, "ही डावी बाजू निळसर आहे का हो?" दुसरे म्हणाले, "राखाडी." "अहो, निळसर." "मग वरची बाजू पिवळट म्हणा की." दोघे जवळ गेले. कुरकुरत, मान तिरकी करत त्यांनी पेटीची एकेक बाजू बघायला सुरुवात केली, आणि प्रत्येक बाजूचा पांढरा वेगळा निघाला. एक दुधाचा, एक खडूचा, एक सावलीतल्या भिंतीचा.

अध्यक्षबाई एकट्याच पेट्यांच्या मागच्या बाजूला गेल्या. समोरच्या इमारतीवरून उडालेला उजेड आता काचेतून त्यांच्या कोटावर पडत होता. आत काय आहे बघायला त्या वाकल्या आणि पेटी आतून पिवळी झाली. मऊ, उबदार पिवळी, जणू कोणी आत दिवा नेला. त्या चपापून ताठ झाल्या. पेटी पांढरी. परत वाकल्या. पिवळी.

"अहो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "ही तर मी आहे!"

मग काय विचारता. टायवाल्यांनी टाय पुढे करून पेटीशी धरला आणि कोपऱ्यात जांभळी रेघ उमटल्यावर ते हरखून गेले. दुसऱ्या गृहस्थांचा सदरा पांढरा होता. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी भिंगांचा किरमिजी गळपट्टा मागून घेतला आणि पाचव्या पेटीपाशी जाऊन तो हलवत बसले. ही सगळी मोठी माणसं वाकत होती, उठत होती, एकमेकांना बाजूला सारत होती. माईंनाही बसवेना. त्या उठल्या, आपला आकाशी स्वेटर सारखा केला आणि चौथी पेटी पकडली.

सून भिंतीपाशी उभी होती. पेट्या करताना ती गॅरेजमध्ये कायम एकटीच असायची, अंगावर पांढरा डगला, डोक्यावर पांढरी टोपी. माणूस जवळ आला की काय होतं, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. चौथ्या पेटीत आकाशी झाक होती आणि तिच्या शेजारच्या फटीतून पिवळा येऊन त्यात मिसळत होता. तिने काहीच केलं नव्हतं. तिला ओरडून सगळ्यांना थांबवावंसं वाटलं आणि तितकंच, कोणी थांबू नये असंही वाटलं.

थोड्या वेळाने अध्यक्षबाई धापा टाकत तिच्यापाशी आल्या. "पण त्या स्तंभातल्या लालीचं काय? ती कुठून यायची?"

भिंगांनी घसा खाकरला. "त्याचं असं आहे, आधीच्या पिढीची सावली..."

"माझ्या सासूबाईंची छत्री," सून म्हणाली.

अध्यक्षबाईंनी माईंकडे पाहिलं. माई चौथ्या पेटीमागून सावकाश वर आल्या. "लाल आणि हिरवी," त्या म्हणाल्या. "निळी आज काढणार होते, पण हिने शब्द घेतला."

अध्यक्षबाई हसायला लागल्या आणि त्यांचं बघून टायवालेही. भिंग हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच गळ्यातलं भिंग उचललं आणि त्यातून माईंच्या चपला निरखून पाहिल्या.

"खरं सांगा," अध्यक्षबाईंनी सुनेला विचारलं, "तुम्हाला स्वतःला यातलं काय सगळ्यांत आवडलं?"

सून घुटमळली. खोटं बोलणं तिला जमत नसे. "हिरवं," ती म्हणाली. "पण ते माझं नाही."

माईंनी ते ऐकलं. त्यानंतरचा आठवडाभर त्या घरात कोणाला आवरल्या नाहीत.

संग्रहालयाने पाचही पेट्या घेतल्या. त्या कुठे ठेवायच्या याबद्दल सुनेने एकच अट घातली. त्या प्रवेशाच्या काचेच्या ओसरीत उभ्या करायच्या, लोक कोट आणि टोप्या उतरवतात त्याच्या आधी. भिंगांनी पुन्हा स्तंभ लिहिला. या पेट्यांचा खरा रंग म्हणजे बघणारा माणूस, हे आपण पहिल्याच भेटीत ओळखलं होतं, असं त्यात होतं. त्या दिवशी माईंनी सकाळीच वर्तमानपत्र सुनेच्या हातात दिलं आणि दोघींनी ते आळीपाळीने मोठ्याने वाचून काढलं.

मग सून पुन्हा गॅरेजमध्ये गेली आणि या वेळी तिने आतून कडी लावली. माईंची तगमग झाली. आठवड्याभराने कडी निघाली. भिंतीवर एक पांढरा पत्रा टांगला होता, भिंतीपासून वीतभर पुढे. पत्रा पांढरा, भिंत पांढरी. पण पत्र्याच्या चारी कडांनी भिंतीवर नारिंगी उजेड पसरला होता, मागे कोणी शेकोटी पेटवून ठेवल्यासारखा.

"दिवा कुठे लपवलास?" माईंनी विचारलं.

"नाही लपवला."

"मग समोर कोणाची छत्री आहे?"

"समोर आपलीच भिंत आहे, माई."

"मग रंग येतो कुठून?"

"सांगणार नाही," सून म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली.

इतक्या वर्षांत त्या घरात माईंना असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. त्यांनी वायर शोधली. स्टुलावर चढून वरून पाहिलं, जमिनीवर बसून खालून पाहिलं. खिडकीचा पडदा ओढून बघितला. पडदा ओढल्यावर नारिंगी विझलं आणि उघडल्यावर परत आलं, तेव्हा त्या आणखीच चिडल्या. शेवटी आजूबाजूला कोणी नाही असं पाहून त्यांनी पत्र्याच्या मागे हात घातला.

जेवायच्या टेबलावर माईंचा उजवा हात मांडीवरच होता. त्या डाव्या हाताने चमच्याने खात होत्या आणि हवापाण्याविषयी फार बोलत होत्या.

"आई, हाताला काय झालं?" मुलाने विचारलं.

"कुठे काय? काही नाही."

सून मान खाली घालून जेवत होती. तिने वर न बघता टेबलाखालून टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी पुढे केली. माईंनी ती घेतली आणि मांडीवरच नारिंगी बोटं पुसायला लागल्या.